फाटकावरची वही

महिनाअखेर होती. दुपारचे साडेतीन वाजले असतील. सात गाड्यांचा माल बांधून तयार होता, कागदपत्रं तयार होती आणि गाडी द्यायला एकही ट्रान्सपोर्टवाला तयार नव्हता. "मॅडम, बाजारात गाडीच नाही," हे वाक्य त्या दिवशी मी नऊ-दहा जणांच्या तोंडून ऐकलं. एकजण म्हणाला, उद्या संध्याकाळी बघू. दुसऱ्याकडे गाडी होती, पण भाडं नेहमीच्या दीडपट. "घ्यायची तर आत्ता सांगा, पाच मिनिटांनी ही पण राहणार नाही." मी फोन ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

आमच्या खिडकीतून आवार दिसतं. फाटकापासून वजनकाट्यापर्यंत ट्रक लागले होते. एकाच्या चाकाखाली लाकडी ठोकळा. दुसऱ्याच्या ताडपत्रीच्या दोऱ्या अर्ध्या सोडलेल्या आणि दोरीचं टोक हातात धरून चालक टपावर बसलेला. एकजण केबिनच्या सावलीत चादर टाकून आडवा झालेला. मी ट्रक मोजले. अकरा होते. सगळे आमच्याकडेच कच्चा माल घेऊन आलेले आणि खाली व्हायची वाट बघत उभे. त्यातले दोन तर आदल्या रात्रीपासून तिथे होते.

सात गाड्यांसाठी मी सकाळपासून गावभर फोन करत होते आणि अकरा गाड्या माझ्या डोळ्यांसमोर उभ्या होत्या. डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करण्याच्या, टेबलावर तेव्हा मला चौदा वर्षं झाली होती. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून बघायचं त्या चौदा वर्षांत कधी सुचलं नव्हतं. येणाऱ्या गाड्या हा खरेदीवाल्यांचा विषय, जाणाऱ्या गाड्या हा माझा.

संध्याकाळी फाटकावरची वही मागवून घेतली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. गाडी नंबर, चालकाचं नाव, बिल्टीचा (मालासोबतच्या वाहतूक पावतीचा) नंबर, आत, बाहेर. मागच्या तीन आठवड्यांची पानं घेऊन 'बाहेर'मधून 'आत' वजा करत बसले. काही ठिकाणी 'बाहेर'च्या रकान्यात दुसऱ्या दिवसाची तारीख होती, काही ठिकाणी तो रकाना रिकामाच. बाकीच्या गाड्यांची सरासरी निघाली अकरा तासांच्या वर. प्रत्यक्ष माल उतरवायला लागतात दोन तास, फार तर तीन.

त्या रात्री मी आणखी एक हिशोब मांडला. तो कोणालाही मांडता येईल. समजा, एका मार्गावर जायला दीड दिवस लागतो आणि यायला दीड दिवस. दोन्ही टोकांची भराई-उतराई झटपट झाली तर तिला मिळून एक दिवस. म्हणजे एक फेरी चार दिवसांची आणि महिन्याला साडेसात फेऱ्या. आता दोन्ही टोकांना गाडी एकेक दिवस नुसती उभी राहिली, तर फेरी सहा दिवसांची झाली आणि महिन्याला पाचच फेऱ्या उरल्या. ट्रक तोच, रस्ता तोच, चालकही तोच. पण बाजारातली एक तृतीयांश वाहतूक नाहीशी झाली. आणि कर्जाचा हप्ता, विमा, कर, परमिट, चालकाचा पगार हे सगळं गाडी चालो न चालो भरावंच लागतं. साडेसात फेऱ्यांवर वाटला जाणारा खर्च पाच फेऱ्यांवर आला की दर फेरीमागे तो बरोब्बर दीडपट होतो. दुपारी फोनवर मला सांगितलेलं भाडंही दीडपटच होतं. तो योगायोगच म्हणायचा, कारण त्या दिवसाचं भाडं महिनाअखेरीच्या घाईनं चढलेलं होतं. पण आकडा मनातून जाईना.

तेव्हापासून 'ट्रकची टंचाई' हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, ट्रकची की ट्रकच्या तासांची?

अमेरिकेत याचा हिशोब मोठ्या प्रमाणावर मांडला गेलाय. तिथल्या नियमानुसार चालकाला दिवसाला जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. एमआयटी या तिथल्या विद्यापीठातले संशोधक डेव्हिड कॉरेल यांनी नोव्हेंबर २०२१मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीपुढे सांगितलं की लांब पल्ल्याचा चालक प्रत्यक्षात दिवसाला सरासरी साडेसहा तासच गाडी चालवतो. म्हणजे देशाची सुमारे ४० टक्के क्षमता रोज वापराविना पडून राहते. पुढे ते म्हणाले की प्रत्येक चालकाच्या दिवसात चालवण्याची फक्त १८ मिनिटं वाढली, तरी ज्याला लोक चालकांची टंचाई म्हणतात ती भरून निघू शकेल. त्याच सुमारास अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्स ही वाहतूकदारांची संघटना ८० हजार चालक कमी आहेत असं सांगत होती. एका बाजूला ८० हजार माणसं आणि दुसऱ्या बाजूला १८ मिनिटं. हे वाचलं तेव्हा आमच्या वहीतले अकरा तास आठवून मला लाज वाटली.

उभं राहण्याचा कंटाळा आलेल्या एका ट्रकवाल्यानं जगाचा व्यापारच बदलला, हेही इथे सांगायला हवं. माल्कम मॅक्लीन हा नॉर्थ कॅरोलायनातला ट्रकचालक आणि पुढे ट्रकमालक. त्यानं स्वतः नंतर सांगितलेली आठवण अशी: १९३७ साली होबोकेन बंदरात कापसाच्या गाठी घेऊन गेला असताना त्याला जवळजवळ दिवसभर थांबावं लागलं. गाठी एकेक करून ट्रकमधून उतरत होत्या आणि झोळीत घालून जहाजावर चढत होत्या. ते बघत असताना त्याच्या मनात आलं, माझी अख्खी पेटीच उचलून जहाजावर ठेवता आली तर? मधे बरीच वर्षं गेली. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं 'आयडियल-एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत. पेटीतून तोच खर्च १६ सेंटच्या आसपास आला. जगात आज फिरणाऱ्या कंटेनरची सुरुवात तिथली. आणि इतकं होऊनही, तोच कंटेनर पाठीवर घेतलेला ट्रक आज गोदामाच्या दारात तसाच उभा असतो. बंदरातला वेळ वाचला. दारातल्या वेळेकडे मात्र कोणी फारसं बघितलं नाही.

तसं होण्याचं कारण सरळ आहे. दारातल्या वेळेचे पैसे आम्ही देत नाही.

हे मी फार जवळून लिहितेय. गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबली तर ट्रान्सपोर्टवाला हॉल्टिंग लावतो आणि त्याचं बिल माझ्याकडे येतं. ती बिलं कापणं हे माझं काम होतं आणि ते मला चांगलं जमायचं. 'चालक उशिरा हजर.' 'कागदपत्रं अपुरी.' 'ताडपत्री ओली.' असे शेरे मी बिलाच्या कडेला लिहायचे. त्यातले थोडे खरे असत. बरेचसे असे, की तपासायला कोणी येणार नाही याची मला खात्री असे. वर्षाच्या शेवटी हॉल्टिंगवर किती वाचवलं याचा आकडा निघे आणि माझं कौतुक होई. तो पैसा वाचलाय असंच मला वाटायचं. पण ट्रान्सपोर्टवालाही हिशोब ठेवून असतो. कोणत्या फाटकात गाडी अडकते, कोण बिल कापतं, कोण तीन महिने पैसे देत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असतं. बाजारात गाड्या भरपूर असतात तेव्हा तो काही बोलत नाही. गाड्या कमी पडल्या की त्याची गाडी आधी जिथे लवकर सुटते तिथे जाते. आमचा नंबर शेवटी लागतो आणि दरही चढा लागतो. त्या महिनाअखेरीला "बाजारात गाडीच नाही" असं जे मला ऐकू आलं, त्यात 'तुमच्यासाठी' हा शब्द गाळलेला होता.

वही बघून झाल्यावर मी खाली गेले होते. रात्रीचे आठ वाजत आले होते. टपावर बसलेले ते चालक आता खाली उतरून बंपरला टेकून उभे होते. वय पन्नाशीच्या पुढचं, दाढी दोन दिवसांची.

"काका, कधी आलात?"

"काल रात्री नऊला."

"झोप तरी झाली का?"

"झोप कसली, मॅडम. रांग सरकली की गाडी सरकवावी लागते. डोळा लागला तर मागचा पुढं घुसतो."

"मग आता खाली झाल्यावर?"

"आता रात्रभर चालवायची. उद्या दुपारी दुसरीकडं भरायला लागायचंय. इथं गेलेला वेळ मालक कुठून धरणार? तो रस्त्यावरच भरून काढायचा."

मी विचारलं, हॉल्टिंग मिळतं ना? ते म्हणाले, "मिळत असंल मालकाला. आपल्याला फेरीचे पैसे." मग आपणहूनच म्हणाले, "पोराला या लाइनीत नाही आणला. गॅरेजात घातलाय. रात्री घरी असतो."

'रस्त्यावरच भरून काढायचा' हे शब्द मी अजून विसरले नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयानं जानेवारी २०१८मध्ये एक अहवाल काढला होता. चालकांना माल चढवता-उतरवताना जे ताटकळावं लागतं, त्याचाच तो अहवाल. गोदामात थांबण्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असा त्यांचा अंदाज होता. आणि या ताटकळण्यापायी चालकांचं वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडतं. तिथे बहुतेक लांब पल्ल्याच्या चालकांना मैलावर पैसे मिळतात, आपल्याकडे फेरीवर. चाक फिरलं नाही तर कमाई नाही. तिथल्या १९३८च्या कामगार कायद्यानं जादा तासांच्या दीडपट वेतनाचा हक्क दिला, पण राज्याराज्यांतून माल नेणाऱ्या चालकांना त्यातून वगळलं. थांबलेला तास कोणालाच महाग पडत नव्हता, म्हणून तो वाढत राहिला.

आणि कुठल्याही हिशोबात दिसतही नव्हता. पूर्वी चालक आपले तास कागदाच्या वहीत हातानं लिहीत. गोदामात गेलेले पाच तास विश्रांतीत दाखवायचे आणि पुढे चालवत राहायचं, हे सर्रास चाले. १८ डिसेंबर २०१७पासून अमेरिकेत हे तास इलेक्ट्रॉनिक यंत्रावर नोंदवणं सक्तीचं झालं. ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत चालवणं संपवायचं हा नियम आधीपासून होताच, आता तो लपवता येईना. गोदामात गेलेले पाच तास त्या १४ तासांतून खरोखरच वजा होऊ लागले. ट्रक कमी झाले नव्हते, तरी २०१८मध्ये भाडी कडाडली. मागणीही तेव्हा जोरात होती, सगळा दोष यंत्राला देता येणार नाही. पण चालकांनी आपल्या झोपेतून काढून दिलेले जे तास इतकी वर्षं फुकट मिळत होते, त्यांची किंमत त्या वर्षी पहिल्यांदा कागदावर आली.

जपाननं हे आधीच ओळखून ठेवलं. तिथे एप्रिल २०२४पासून ट्रकचालकाच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. काहीच केलं नाही तर २०२४मध्ये देशाची १४ टक्के आणि २०३०पर्यंत ३४ टक्के मालवाहतूक क्षमता कमी पडेल, असा अंदाज सरकारी पातळीवर मांडला गेला. मग त्यांनी तास कुठे जातात ते शोधलं. एका खेपेमागे थांबणं आणि भराई-उतराई यांत सरासरी ३ तास जात होते. ते २ तासांच्या आत आणा, असं सरकारनं सांगितलं. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ही जबाबदारी त्यांनी एकट्या ट्रकवाल्यावर टाकली नाही. माल पाठवणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावरही टाकली. एप्रिल २०२५पासून ती कायद्यात आहे.

चालक कमी आहेत हे खोटं नाही. रस्ते वाहतूकदारांची जागतिक संघटना आयआरयू हिनं २०२३मध्ये ३६ देशांची पाहणी केली, तेव्हा ३० लाखांवर चालकांच्या जागा रिकाम्या होत्या, एकूण जागांच्या ७ टक्के. पंचविशीच्या आतले चालक १२ टक्क्यांहून जास्त नाहीत आणि बायका ६ टक्क्यांच्या आसपास. ज्या आवारात पुरुषांसाठीसुद्धा धड मोरी नाही, तिथे रात्रभर रांगेत उभी राहायला बाई कशी येईल? आमच्या आवारात तेव्हा चालकांसाठी एकच संडास होता आणि त्याची किल्ली पहारेकऱ्याकडे असायची. कोणाच्या मुलाला या लाइनीत यावंसं वाटत नाही याचं कारण शोधायला मला तरी पाहणीची गरज पडली नाही. अमेरिकेत ट्रकभर माल नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांत चालक सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण कित्येक वर्षं ९० टक्क्यांच्या वर राहिलंय. माणसं येतात आणि निघून जातात. परवाना असलेली, पण या कामाकडे पाठ फिरवलेली माणसं सगळ्याच देशांत आहेत.

अर्थात टंचाईची सगळी कारणं फाटकातच असतात असं मी म्हणणार नाही. डिझेलचंच घ्या. भाड्यातला मोठा वाटा त्याचा. युक्रेनवर हल्ला झाला आणि जून २०२२मध्ये अमेरिकेत डिझेल गॅलनला ५ डॉलर ८० सेंटच्या पुढे गेलं, त्या देशातला उच्चांक. अशा वेळी भाडं वाढणारच, त्यात कोणाचा दोष नाही. कधी कारण डिझेलचंही नसतं. नव्या डिझेल इंजिनांना धूर स्वच्छ ठेवण्यासाठी युरियाचं द्रावण लागतं, ते संपलं की गाडी चालत नाही. २०२१च्या शरद ऋतूत चीननं युरियाची निर्यात आवळली आणि औद्योगिक युरियासाठी जवळजवळ पूर्णपणे चीनवर अवलंबून असलेल्या दक्षिण कोरियात ट्रक उभे राहायची वेळ आली. डिझेल होतं, चालक होते, माल होता, आणि अडलं ते कशावर, तर युरियाच्या पाण्यावर. जर्मनीत ऱ्हाईन नदी २०१८मध्ये आणि पुन्हा २०२२मध्ये इतकी आटली की काउब या गावाजवळून बार्ज, म्हणजे मालवाहू नौका, पूर्ण भरून नेता येईनात. एका मोठ्या बार्जवरचा माल रस्त्यावर आणायचा म्हटलं तर शंभर-एक ट्रक लागतात. नदीतलं पाणी कमी झालं म्हणून कुणाला तरी रस्त्यावर ट्रक मिळत नाही, ही साखळी भाड्याची पावती हातात घेतलेल्या माणसाला कधी दिसत नाही.

ब्रिटनचं २०२१ तर सगळी कारणं एकाच वेळी अंगावर आली तर काय होतं याचा धडाच आहे. युरोपातले चालक ब्रेक्झिटनंतर परतलेले, साथीत परवान्याच्या परीक्षा बंद पडलेल्या, वयस्क चालक निवृत्त होत चाललेले. तिथल्या रोड हॉलेज असोसिएशनच्या अंदाजानं तूट लाखाच्या आसपास. सप्टेंबरात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. तेल शुद्धीकरण कारखान्यांत पेट्रोल होतं, पण ते पंपापर्यंत न्यायला माणूस नव्हता. ऑक्टोबरात टँकर चालवायला लष्कराचे जवान आणावे लागले. अन्नधान्य आणि इंधन वाहणाऱ्या परदेशी चालकांसाठी ५,००० तात्पुरते व्हिसा जाहीर झाले. वर्षानुवर्षं कमी भाड्यात काम करून घ्यायचं आणि अडचण आली की काही महिन्यांसाठी बोलवायचं, याला चालकांनी फारसा प्रतिसाद दिला नाही. कोण देईल?

उलट्या बाजूनंही हे खरं ठरतं. अडवणूक काढली की एकही नवा ट्रक न घेता गाड्या वाढतात. भारतात १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे तपासणी नाके उठू लागले. नाक्यावर उभा असलेला ट्रक मोकळा झाला. पुढच्या वर्षी जुलैत सरकारनं ट्रकच्या आसांवरची अधिकृत भारमर्यादा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास वाढवली. जुन्या गाड्यांची क्षमता कागदावर एका रात्रीत वाढली. २०१९मध्ये नव्या ट्रकचा खप जो कोसळला त्याला मंदीइतकंच हेही कारण होतं.

आणि इथेच या धंद्यातली जी एक क्रूर गोष्ट आहे ती येते. भाडी चढली की प्रत्येकाला गाडी घ्यावीशी वाटते. छोटे मालक कर्ज काढतात. या धंद्यात बहुसंख्य छोटेच आहेत, अगदी अमेरिकेतसुद्धा ९० टक्क्यांहून जास्त वाहतूकदारांकडे दहा किंवा त्याहून कमी ट्रक असतात. गाडी हातात येईपर्यंत महिने जातात. २०२१मध्ये तर चिपच्या तुटवड्यानं ट्रकचे कारखानेच अडखळत होते आणि गाडीची वाट वर्षभर बघावी लागत होती. गाडी येते तोवर बाजार उतरलेला असतो. अमेरिकेत २०१८ला तेजी, २०१९ला दिवाळखोऱ्या. २०२१ला पुन्हा तेजी, २०२२च्या मध्यापासून उतार, आणि जुलै २०२३च्या शेवटी यलो ही जुनी, मोठी कंपनी आपल्या कर्जाच्या ओझ्यासकट बंद पडली. ३० हजार माणसांच्या नोकऱ्या गेल्या. पडत्या बाजारात जे मालक गाडी विकून बाहेर पडतात, ते पुढच्या चढत्या बाजारात नसतात. मग पुन्हा टंचाई. मंदीत आम्ही भाडं खाली दाबतो तेव्हा पुढच्या टंचाईचं बी आम्हीच पेरत असतो. मी स्वतः ते पेरलंय. फोनवर "दुसरा याहून कमीत देतोय" म्हणताना किती वेळा खरंच दुसरा कोणी होता, ते मला माहीत आहे.

टंचाईला फुगवटाही आमच्याच टेबलावरून मिळतो. गाडी मिळेना की मी एकाच मालासाठी सहा जणांना फोन करते. ते सहाजण पुढे दहा गाडीमालकांना विचारतात. माल एकच, पण बाजारात तो सहा ठिकाणाहून ऐकू येतो. गाडीमालकाला वाटतं, आज फार मागणी आहे, थांबू, भाडं अजून चढेल. आणि तो थांबतो. रिकामी गाडी मुद्दाम उभी राहते, मला मात्र कुठेच गाडी दिसत नाही.

रिकाम्या परतीचं गणितही तितकंच जुनं आहे. युरोपात ट्रक जेवढे किलोमीटर चालतात त्यातले सुमारे एक पंचमांश रिकामे चालतात. परतीचा माल कुठे आहे हे ॲपवर दिसायला लागल्यापासून थोडा फरक पडलाय. पण परतीचा माल असलेलं गोदामही गाडी आठ तास बसवून ठेवणार असेल, तर मालक रिकामा परत येणं पसंत करतो. तोही प्रश्न शेवटी दारातच येऊन थांबतो.

मी ती वही घेऊन वर गेले होते. पहिल्या बैठकीत कोणाला त्यात रस वाटला नाही. गाड्या थांबतात, त्यात नवीन काय? मग मी त्या तीन आठवड्यांत जादा दरानं घेतलेल्या गाड्यांची रक्कम शेजारी लिहिली. दुसऱ्या बैठकीत लोकांनी निदान वाचलं. गाडीला वेळ देऊन बोलवायचं ठरलं. कागदपत्रं गाडी येण्याआधी मेलवर. उतरवायची दारं दोनाची तीन. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही पाळ्या एकदम न उठता आलटून पालटून. यात बुद्धीचं काम काही नव्हतं. हे सगळं करायला तरीही दोन वर्षं लागली, कारण प्रत्येक गोष्ट वेगळ्या खात्याची होती आणि कोणत्याही खात्याच्या खर्चात चालकाचा वेळ नव्हता. आता आमची सरासरी साडेतीन तासांवर आलीय. महिनाअखेरीला सातावर जाते. गाड्या पूर्वीपेक्षा लवकर मिळतात. संडास दोन झाले, किल्ली काढून टाकली. सगळं नीट झालं असं म्हणायची माझी हिंमत नाही. हॉल्टिंगची बिलं मी आता कापत नाही, पण तो पैसा चालकापर्यंत पोचतो का, हे मी भेटेल त्या चालकाला विचारते. बहुतेक जण नकारार्थी मान हलवतात.

गेल्या महिन्यात एका गाडीला फार उशीर झाला. आमचा फोर्कलिफ्ट बंद पडला होता. चालक पंचविशीचा असेल, आमच्याकडे पहिल्यांदाच आलेला. माल उतरल्यावर तो बिल्टी घेऊन जिना चढून थेट माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, वेळ नीट लिहून द्या. मालक विचारतो, इतका वेळ कुठं होतास म्हणून."

मी वही मागवली, बघितली आणि बिल्टीवर लिहिलं: आत सकाळी ८.२०, बाहेर दुपारी ४.४५. खाली कारण लिहिलं: आमचा फोर्कलिफ्ट नादुरुस्त, चालक वेळेवर हजर. सही केली, शिक्का मारला. त्यानं ते दोनदा वाचलं. मग खिशातून मोबाइल काढून त्या कागदाचा फोटो घेतला, बिल्टीची नीट घडी केली आणि जिना उतरून गेला.